पंचमाच्या खुंटीवरचा ठिपका

अडकित्त्यात सुपारी कट्कन फुटली आणि खिडकीकडे तोंड करून बसलेल्या आप्पांनी मान वळवली.

हेमांगीचा हात अडकित्त्यावर तसाच राहिला. गेल्या सात वर्षांत या घरातल्या कुठल्याही आवाजाला ती मान वळली नव्हती. आप्पांना हाक मारायची तर खोलीतला दिवा दोनदा लावून विझवायचा, नाहीतर जमिनीवर पाय आपटायचा, आणि सांगायचं ते पाटीवर लिहायचं, अशी सगळ्यांना सवय होऊन गेली होती. माणूस एकच बहिरा झाला होता, पण हळूहळू सगळं घरच बोलेनासं झालं होतं. हेमांगीच्या सहा वर्षांच्या लेकीला, इंदूला, तर वाटायचं, आजोबा म्हणजे ज्यांच्याशी खडूनेच बोलतात ते.

"पुन्हा फोड," आप्पा म्हणाले.

तिने पुन्हा फोडली. मग आणखी एक, मग इंदूने हट्ट केला म्हणून तिच्या हाताने एक. त्या दुपारी मिरजेतल्या त्या घरात इतकी सुपारी फुटली की पुढे कितीतरी दिवस बरणी हलकी झाली नाही. आप्पा प्रत्येक फोडीला मान डोलवत होते, चांगल्या तानेला डोलवावी तशी.

कानातलं यंत्र सुरू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

हेमांगीचं काम तेच. दवाखान्यात तिला सगळे 'कानाच्या मॅडम' म्हणत. आलेल्या माणसाला ती कागदावर एक शंख काढून दाखवायची आणि सांगायची, आपल्या प्रत्येकाच्या कानात आत असा एक इवलासा शंख असतो, आणि त्याच्या वळणावळणावर सूर राहतात. तोंडाशी उंच सूर, अगदी आतल्या वळणावर खर्ज. सूर टिपणाऱ्या पेशी वठल्या की माणूस बहिरा होतो, पण मागची नस बरेचदा जिवंत असते. जुन्या रोपणात त्या नसेला तारेने विजेचे ठोके देत. गैरसोय एवढीच की शंखात पाणी असतं आणि पाण्यात वीज पसरते. परातीच्या एका कडेला पाणी ओतावं आणि ते सगळ्या परातीत जावं, तसं. शेजारशेजारचे सूर एकमेकांत मिसळून जातात. बोलणं समजतं, गाणं मात्र पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू येतं. आप्पांनी ते यंत्र केव्हाच नाकारलं होतं. पाटीवर त्यांनी लिहिलं होतं, 'वाळू ऐकण्यापेक्षा काही न ऐकणं बरं.'

नवं रोपण उजेडाचं होतं. शेवाळातल्या एका जनुकाचा तुकडा निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून कानाच्या नसेत सोडायचा. पाचसहा आठवड्यांत नसेच्या पेशी उजेडाला जाग्या व्हायला शिकतात. मग केसाहून थोडा जाड असा धागा शंखात सरकवायचा, त्यावर एकशे अठ्ठावीस सूक्ष्म दिवे. उजेड पाण्यासारखा पसरत नाही, जिथे टाकावा तिथेच पडतो. त्यामुळे दोन लगतच्या श्रुतीसुद्धा वेगळ्या राहू शकतात. आप्पांनी ही माहिती तीनदा वाचली आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, 'चालेल.'

पण कुठला दिवा म्हणजे कुठला सूर, हे आधी कुणालाच माहीत नसतं. प्रत्येकाचा शंख वेगळा, धागा कुठवर पोचला तेही वेगळं. ते मेंदूलाच विचारावं लागतं. त्या बैठकीला 'ओळख' म्हणत. माणसाच्या डोक्यावर जाळी बसवायची आणि त्याच्या अगदी घरोब्याचे आवाज त्याला ऐकवायचे. ओळखीचं काही कानावर पडलं की मेंदूत एक विशिष्ट लहर उठते. ती पुरेशी स्पष्ट उठेपर्यंत यंत्र दिवे इकडून तिकडे सरकवत राहतं. बोलण्यासाठी घरच्यांचे आवाज वापरत. गाण्यासाठी काय वापरायचं हे हेमांगीनेच ठरवलं होतं, आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. आप्पांचा तंबोरा.

त्या तंबोऱ्याच्या खुंट्यांना आप्पांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम. हेमांगी सतरा वर्षांची होईपर्यंत आप्पांकडे शिकली, पण तिनेही कधी खुंटी पिळली नव्हती. ती तारा छेडायची, मिळवायचे आप्पाच. आप्पांचे कान गेल्यावरही आई होती तोवर ते गळ्याच्या सवयीने गात राहिले, आणि चार वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशी तंबोरा गवसणीत गेला तो गेलाच. ओळखीच्या दिवशी हेमांगीने दवाखान्यात गवसणीची नाडी सोडली, तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला.

पंचम तिला जरा थकलेला वाटला.

तिने पुन्हा छेडला. वाटला खरा. यंत्राच्या पडद्यावरही आकडा आला : दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले अठरा भाग पंचम खाली. हेमांगी क्षणभर थांबली. मग मनाशी म्हणाली, वीस वर्षं रियाझ नाही आणि मी आप्पांच्या तंबोऱ्याची चूक काढायला निघालेय. नोंदीत तिने लिहिलं, 'वैयक्तिक पंचम', आणि यंत्राला सांगितलं की हाच पंचम बरोबर धर. दुसऱ्या कुठल्याही पेशंटच्या बाबतीत तिने तो वाद्याचा दोष धरला असता. पण हा आप्पांचा तंबोरा होता.

त्यानंतरचे महिने त्या घराला सणासारखे गेले. आप्पा दारावरच्या भाजीवाल्याशी मुद्दाम हुज्जत घालायचे, नुसती त्याचं बोलणं ऐकायला. इंदूशी भांडायचे. पहाटे उठून तंबोरा घेऊन बसायचे आणि खुंट्यांना हात लावायची त्यांना गरजच पडायची नाही. "शैलाने कसा जपलाय बघ," ते म्हणायचे. शैला म्हणजे हेमांगीची आई. "चार वर्षं गवसणीत होता तरी एक केस हललेला नाही."

आणि ते तोडी गायचे. तोडीत पंचम जपून लावायचा असतो, वाटेत पडलेल्या झोपाळू मांजराला ओलांडून जावं तसं गवई त्याला ओलांडतात आणि क्वचितच त्याच्यापाशी बसतात. आप्पा आता त्याच्यापाशी बसायला लागले होते. जुन्या ध्वनिफितीतली त्यांची तोडी धीर देणारी होती. ही तोडी धीर देत नव्हती. ती शेजारी येऊन बसायची आणि काही बोलायची नाही. हेमांगी स्वयंपाकघरात कणीक भिजवता भिजवता थांबायची. काहीतरी खुपायचं, आणि डोळेही भरून यायचे. आपला कान बिघडलाय की आप्पांचं गाणं बदललंय, हे तिला ठरवता यायचं नाही, आणि तेवढ्यात इंदूच्या शाळेची रिक्षा दाराशी यायची.

मार्गशीर्षात नदीकाठच्या मठात पोथी बसते. लिंबाक्का नावाची एक बाई तीनशे वर्षांपूर्वी त्या घाटावर राहायची, तिने रचलेले नऊ अध्याय. रोज सकाळी एक अध्याय, प्रत्येकाचा राग ठरलेला, नववा तोडीत. आणि तिथला रिवाज असा की वाचणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही. वाचक एका पाटावर, त्याच्यासमोर दुसऱ्या पाटावर अर्थ सांगणारा. वाचक ओवी गातो, समोरचा आपल्याला उमगेल ते सांगतो. ते दरवर्षी वेगळं असलं तरी चालतं. मठात म्हणतात, पोथी लिंबाक्काची, अर्थ ज्याचा त्याचा. तीस वर्षं आप्पा वाचायचे आणि आई अर्थ सांगायची. दोघांचं कधी जुळलं नाही. नवव्या अध्यायात एक ओवी आहे :

दिवा निमाला तरी घरीं ।
उजेड उरे भिंतीवरी ।
डोळा विसावे त्यावरी ।
घडीभरी ॥

आप्पा हे अशा भरवशाने गायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, गेलेलं काहीच जात नाही. आणि समोरून आई शांतपणे म्हणायची, अक्कांनी घडीभर म्हटलंय, कायमचं म्हटलेलं नाही. लोक हसायचे. आप्पा घरी येईपर्यंत बोलायचे नाहीत.

आई गेली तसं मठातलं वाचन दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं. यंदा मठाने पुन्हा आप्पांना बोलावलं. समोरच्या पाटावर आप्पांनी कुणाला बसू दिलं नाही. बायको हयात नसलेला माणूस पूजेत तिच्या जागी सुपारी मांडतो, तशी त्यांनी पाटावर अख्खी सुपारी ठेवली. अर्थ न सांगता ओव्या पुढे जात राहिल्या.

पहिल्याच सकाळी ते घडलं. पेटीवर भालबा होते. मठात चाळीस वर्षं तेच पेटी धरतात, पोस्टातून निवृत्त झालेले, आवाज चढवून न बोलणारे. दहाबारा ओव्या झाल्या आणि आप्पा थांबले.

"भालबा, पेटी उतरलीय तुमची. पंचम टोचतोय."

भरल्या सभेत. भालबांनी भात्यावरचा हात काढला, भाता लावून टाकला आणि शेवटपर्यंत उघडला नाही. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तंबोऱ्याचा माणूस पेटीला नावं ठेवतो हे सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. उलट गाणं शिकणारी दोन मुलं सांगलीहून आली होती, त्यांनी आप्पांचं वाचन ध्वनिमुद्रित केलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ते कुठल्याकुठे गेलं. सात वर्षं बहिरा असलेला गवई उजेडाने ऐकतोय आणि त्याला एक नवाच पंचम सापडलाय, असं लोक लिहायला लागले. तिसऱ्या दिवशी मठाचं अंगण पुरलं नाही. पोथीला कधीही न आलेले लोक आले होते आणि डोळे मिटून बसले होते.

त्याच दिवशी दुपारी भालबा हेमांगीच्या दवाखान्यात आले. नंबर लावून बसले. आत आल्यावर म्हणाले, कान तपासायचेत. तिने तपासले. वयाच्या मानाने उत्तम होते.

"मग पेटी बघायला हवी," ते म्हणाले. "ती मी काल दोन ठिकाणी दाखवली, हेमाताई. दोघंही म्हणाले, बरोबर आहे." ते उठून उभे राहिले. "आप्पांना काही सांगू नका. त्यांना परत ऐकू येतंय, हेच पुष्कळ आहे."

ते गेल्यावर हेमांगीने पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं आणि ओळखीच्या दिवसाची नोंद उघडली. अठरा भाग. वैयक्तिक पंचम. तिच्याच अक्षरात.

संध्याकाळी ती सतारमेकर गल्लीत गेली. नूरमहंमद चाचांचं दुकान अजून तिथेच होतं, दारात वाळलेले भोपळे उतरंडीसारखे रचलेले. चाचांची बोटं आता थरथरायची, पण घोडी घासून तारांना झंकार देणारी जवारी अजून तेच काढायचे. तिने विचारलं, आप्पांच्या तंबोऱ्याचा पंचम पूर्वीपासून उतरता होता का. चाचा तिच्याकडे बघतच राहिले.

"तुझ्या आईने सांगितलं नाही होय तुला?"

मग त्यांनी सांगितलं. आप्पांचे कान जायला लागले त्या वर्षी आई एकटी रिक्षाने तंबोरा घेऊन आली होती. म्हणाली, यांना आता सूर मिळवता येत नाही आणि ते यांना कळतही नाही, समोर बसलेले शिष्य एकमेकांकडे बघतात. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मला शिकवा. चाचांनी प्रयत्न केला, ते काही जमेना. बाकीच्या तारा टिकून राहायच्या, सरकायची ती पंचमाचीच. शेवटी त्यांनीच तंबोरा मिळवून दिला, आणि आईने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. पंचमाच्या खुंटीवर एक लाल ठिपका दिला आणि त्याला नेमका समोर येईल असा दांडीवर दुसरा. रोज पहाटे आप्पा आंघोळीला गेले की ती खुंटी पिळून ठिपक्याला ठिपका भिडवायची.

"पण खुंटी जागेवर राहिली म्हणून तार थोडीच राहते," चाचा म्हणाले. "तार थकते, लाकूड हवेनं हलतं. म्हणून दर दोन महिन्यांनी यायची ती. मी परत मिळवायचो, ती जुना ठिपका खरवडून नवा द्यायची. घरी सांगायची, जवारीला नेलाय. ती गेल्यावर कोण आणणार?"

हेमांगी घरी आली तेव्हा आप्पा इंदूला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. तिने गवसणी उतरवली. खुंटीवरचा लाल ठिपका तिने शंभरदा पाहिला होता. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू समजायची ती त्याला. नखाने हलकेच चाचपलं. गुळगुळीत होता, टणक. रंगही आता ओळखू आला. तिच्या लग्नातली बाटली, माहेरी राहून गेलेली.

म्हणजे आप्पांना जो पंचम ऐकू येत होता तो आप्पांचा नव्हताच. आईने शेवटच्या सकाळी ठिपक्याला ठिपका भिडवला आणि त्यानंतर चार वर्षं ती तार अंधारात थकत गेली, त्या थकलेल्या जागी हेमांगीने आप्पांच्या कानाचा पंचम बसवला होता. स्वतःच्या कानाने सांगितलेलं न ऐकता.

दुरुस्ती अवघड नव्हती, तासाभराचं काम. पण तिला पुढचंही माहीत होतं. मेंदू नव्या जुळणीला सरावला की जुनी पुसली जाते. दोन्ही ठेवता येत नाहीत. तसा प्रयोग बाहेर कुठे झाला होता, त्या माणसाला धड बोलणंही कळेनासं झालं होतं. आणि न सांगता दुरुस्त करावं, तर पुढच्या सकाळी आप्पांना त्यांचाच तंबोरा बेसूर लागणार. काहीच करू नये, तर अंगण भरून लोक त्या सुरावर डोळे मिटून बसणार आणि भालबा भाता लावून बसणार. शनिवारी जतच्या नोकरीवरून नवरा आला की त्याच्याशी बोलावं, असा विचार तिने केला आणि मग तो सोडून दिला. हे शनिवारपर्यंत थांबणारं नव्हतं.

चौथ्या दिवशी पोथीहून आल्यावर तिने आप्पांसमोर बसून सगळं सांगितलं. अठरा भाग, आपली नोंद, चाचा, नेलपॉलिश. मधेच थांबली तर पुढे बोलता येणार नाही म्हणून एका दमात.

आप्पांनी कानाशी बोट नेलं. तिला वाटलं, यंत्र बंद पडलं की काय.

"म्हणजे भालबाची पेटी बरोबर होती," ते म्हणाले.

"हो."

"चारचौघांत बोललो मी त्याला." त्यांनी तंबोऱ्याकडे पाहिलं. "मी खुंटीला हात घालायच्या आत शैला आतून पाटी घेऊन यायची, आज लागलेलाच आहे की, कशाला पिळताय. मी म्हणायचो, तुला काय कळतं त्यातलं. साडेतीन वर्षं रोज म्हणत होतो."

हेमांगीने त्यांना दोन्ही ठेवता येणार नाही हे सांगितलं. दुरुस्तीनंतर तीनचार दिवस सगळंच वेडंवाकडं ऐकू येईल, गाता येणार नाही, आणि बसलेली पोथी तर मोडता येत नाही, हेही सांगितलं. मग तिला राहवलं नाही. "आप्पा, लोकांना ते आवडतंय. मलासुद्धा. मी कणीक मळताना थांबते. ते चुकीचंच आहे, असं कशावरून? अर्थ ज्याचा त्याचा असतो, तसा..."

"अर्थ ज्याचा त्याचा, हेमा. सूर नाही. सूर दोघांचा असतो, म्हणून तर आपल्याबरोबर दुसरं कुणी वाजवू शकतं. माझ्या एकट्याच्या कानाला गोड लागणारा पंचम घेऊन मी भालबाला गप्प बसवलं. उद्या इंदू माझ्यापुढे गायला बसली तर तिलाही बसवीन."

त्यांनी एवढंच मागितलं की तास दोन तास त्यांना एकट्याला सोडावं. हेमांगी इंदूला घेऊन घाटावर गेली. परत आली तेव्हा बंद दाराआड तोडी चालली होती. आप्पा पंचमापाशी बसले होते. दाराशी उभी राहून तिने ती पुरी होऊ दिली. मग दार वाजवलं आणि ते चप्पल घालून तिच्याबरोबर दवाखान्यात आले. जाळी डोक्यावर बसवताना त्यांनी लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटले. या वेळी हेमांगीने मांडीवर चाचांच्या दुकानातला नवा तंबोरा घेतला होता, आणि छेडण्याआधी तो स्वतःच्या कानाने दोनदा पारखून घेतला.

पाचव्या सकाळी मठात वाचकाच्या पाटावर हेमांगी बसली. वीस वर्षांनी. आवाज फुटत नव्हता, ताना जमत नव्हत्या, तिने सरळ सरळ ओव्या म्हटल्या. सांगलीची मुलं अर्ध्यातून उठून गेली, अंगण पुन्हा पूर्वीएवढंच भरलं. आप्पा समोरच्या पाटावर बसले. पाटावरची सुपारी त्यांनी उचलून मुठीत धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्थ सांगितला. अडखळत, आपलाच आवाज आपल्याला परका लागत असलेल्या माणसासारखा. मधेच म्हणाले, इथे आमच्या घरातून वेगळं सांगायचे, आणि आईचा अर्थ सांगितला. जसाच्या तसा. तीस वर्षं न जुळलेला माणूस तो सगळा पाठ धरून होता. सुरुवात करण्याआधी त्यांनी भालबांकडे वळून हात जोडले होते, आणि भालबांनी भाता उघडला होता.

आठव्या दिवशी दुपारी आप्पांनी घरचा तंबोरा छेडला आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं. "किती उतरलाय," ते पुटपुटले. हेमांगीला कळलं की काम झालं. तिला आनंद व्हायला हवा होता.

नवव्या सकाळी मठात निघण्याआधी आप्पांनी तंबोरा मांडीवर घेतला. खुंटीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. हेमांगी म्हणाली, मी पिळू का? ते म्हणाले, नको. इंदू अगदी जवळ येऊन, नाक लाकडाला लागेल इतकी वाकून बघत होती. खुंटी किंचित किरकिरली आणि फिरली. पंचम वर सरकत सरकत जागेवर आला, चारही तारा एकदम उघडल्यासारख्या वाजू लागल्या, आणि दोन लाल ठिपक्यांमध्ये नखाएवढं अंतर पडलं.

"पुसू का ते?" हेमांगीने विचारलं.

आप्पांनी मान हलवली. नाही.

मठात गर्दी नव्हती. नदीवरून गार वारा येत होता. आज आप्पा वाचकाच्या पाटावर आणि हेमांगी समोर. बसताना त्यांनी मुठीतली सुपारी तिच्या हातात दिली. भालबांची पेटी तंबोऱ्यात अशी मिसळली होती की वेगळी काढता येऊ नये. आप्पा तोडी गात होते, निर्मळ, काटेकोर, पूर्वी गायचे तशी. धीर देणारी. ओव्यांमागून ओव्या गेल्या आणि ती ओवी आली. दिवा निमाला तरी घरीं. उजेड उरे भिंतीवरी. ते पंचमावर आले आणि थांबले. पंचम स्वच्छ लागला होता. त्यांनी तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला, कान देऊन, आतल्या खोलीतून कुणी काही बोलतंय का हे ऐकावं तसा. मग पुढे गेले. घडीभरी. आणि मान खाली घातली.

आता अर्थ सांगायची पाळी हेमांगीची होती. सगळे तिच्याकडे बघत होते. आईचा अर्थ तिला माहीत होता, आप्पांचाही. सुपारी तळहातात गरम झाली होती.

तिच्या मांडीला टेकून बसलेल्या इंदूने वर पाहिलं. तिला वाटलं असावं की ती हळू बोलतेय, पण त्या शांततेत तिचं बोलणं आप्पांपर्यंत सहज पोचलं.

"आई, आजोबांना आधी ऐकू यायचा तो सूर आता कुठे गेला?"